शिफारस क्रमांक ४२९ : ओटावातल्या अर्थ समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
अर्थविषयक स्थायी समिती,
हाऊस ऑफ कॉमन्स, ओटावा

सप्रेम नमस्कार.

२०२५च्या अर्थसंकल्पाआधी झालेल्या सल्लामसलतीचा अहवाल तुमच्या समितीनं डिसेंबर २०२४मध्ये संसदेपुढे ठेवला. साडेचारशेहून अधिक शिफारशी. घरबांधणी, शेती, संशोधन, रेल्वे, सगळं त्यात आहे. वाचत वाचत पार शेवटाकडे गेलं की दोन छोट्या ओळी लागतात. क्रमांक ४२९ म्हणते, गर्भपातविरोधी संस्थांना यापुढे धर्मादाय दर्जा देऊ नये. क्रमांक ४३० म्हणते, आयकर कायद्यात धर्मादाय संस्थेची व्याख्या घालावी आणि 'धर्माचा प्रसार' या हेतूला आज असलेलं खास स्थान काढून टाकावं. दोन्हींना ना कारण दिलेलं, ना व्याख्या. त्यानंतर निवडणूक झाली, समितीतले चेहरे बदलले, आणि या ओळींचा कायदा अजून झालेला नाही. पण संसदेच्या दप्तरात एकदा गेलेली ओळ पुन्हा कधी वर येईल याचा नेम नसतो, म्हणून हे पत्र.

मी टोरांटोजवळच्या मिसिसागात राहते. मूळची वसईची. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, आणि अडीअडचणीला देवाला हाकही मराठीतच मारली जाते. लहान धर्मादाय संस्थांचे हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात देवळं आहेत, म्हाताऱ्या माणसांना डबे पोचवणारी एक संस्था आहे, आणि दिवस गेलेल्या, अडचणीत सापडलेल्या बायकांना मदत करणारं एक ख्रिस्ती केंद्रही आहे. हे पत्र इंग्रजीत तुमच्याकडे वेगळं येईल. मराठीत लिहितेय ते इथल्या माझ्या माणसांसाठी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की हे चर्चवाल्यांचं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं.

मी कोणत्या बाजूची, हे आधीच सांगून टाकते. मी कॅथलिक आहे आणि पोटातलं मूल हे माणूसच आहे असं मानते. निष्पक्षपणाचा आव आणणं मला जमणार नाही. पण पुढे जे म्हणणार आहे ते या श्रद्धेवर उभं नाही. ज्याला ती साफ नामंजूर आहे त्यालाही ते तपासून बघता यावं, अशा बेतानं लिहितेय.

सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्या एका पुणेकर मैत्रिणीचा आहे. ती इथे नर्स आहे, आणि गर्भपाताच्या बाबतीत आमचं कधीच जमलेलं नाही. ती म्हणते, "तू तुझा धर्म पाळ गं, पण त्याचं बिल माझ्या करातून का?" प्रश्न रास्त आहे. धर्मादाय म्हणून नोंदणी झालेल्या संस्थेला देणगी दिली की देणाऱ्याला पावती मिळते, आणि वर्षाच्या पहिल्या दोनशे डॉलरांपुढच्या रकमेवर केंद्र सरकारच्या करात साधारण २९ टक्के सूट मिळते. तेवढा कर सरकारी तिजोरीत येत नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणीचा अगदी नावापुरता का होईना, पण हातभार लागतोच.

यावर "धर्मस्वातंत्र्य!" असं ओरडून भागत नाही. स्वातंत्र्याचा असाच दावा न्यायालयानं कधीच निकालात काढलाय. ह्यूमन लाइफ इंटरनॅशनल या गर्भपातविरोधी संस्थेच्या कॅनडातल्या शाखेची नोंदणी महसूल खात्यानं रद्द केली, आणि १९९८मध्ये फेडरल अपील न्यायालयानं ते योग्य ठरवलं. संस्था म्हणाली होती की हा आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. न्यायालयाचं उत्तर थोडक्यात असं होतं : बोलायला तुम्ही मोकळे आहात, पण तुमचं मत दुसऱ्यांच्या गळी उतरवायला जो पैसा लागेल त्यावर करसवलत मिळणं हा काही घटनात्मक हक्क नव्हे. पुढच्या वर्षी अलायन्स फॉर लाइफ या तशाच संस्थेच्या बाबतीतही निकाल तसाच लागला. आमच्या बाजूची बरीच मंडळी हे निकाल सोयीस्कर विसरतात. मला ते पटतात. करसवलत ही सवलतच आहे, जन्मसिद्ध हक्क नाही.

पण मग त्याच न्यायालयाचा १९९१चा निकालही तुम्ही वाचायला हवा. तुमच्या अहवालात त्याचा मागमूस नाही.

व्हँकूव्हरमध्ये एव्हरीवुमन्स हेल्थ सेंटर नावाचा गर्भपाताचा दवाखाना होता. १९८८च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं मॉर्गेंटेलर खटल्यात गर्भपाताचं जुनं फौजदारी कलम रद्द केलं, त्यानंतर तो निघाला. त्यानं धर्मादाय दर्जा मागितला. महसूल खात्यानं नाकारला. खात्याचं म्हणणं, हा विषय इतका वादाचा आहे की लोकांचं त्यावर एकमत नाही. मग याला लोकहिताचं काम कसं म्हणायचं? आणि एकमत खरोखरच नव्हतं. निकालाच्याच वर्षी, १९९१च्या सुरुवातीला, गर्भपातावरचं नवं विधेयक सिनेटमध्ये ४३ विरुद्ध ४३ अशा समसमान मतांनी पडलं होतं. देश अगदी मधोमध दुभंगलेला. तरीही न्यायालयानं दवाखान्याच्या बाजूनं कौल दिला. काम कायदेशीर आहे, आरोग्याचं आहे, लोकांच्या उपयोगाचं आहे, एवढं पुरे. लोकमताच्या काट्यावर धर्मादाय काम तोलायला लागणं शहाणपणाचं नाही, कारण दानधर्म आणि लोकमत नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. काही चांगली कामं लोकमताच्या पुढे असतात, काही त्याला खटकतात.

माझ्या बाजूच्या लोकांना तो निकाल तेव्हा झोंबला असणार. मला विचाराल तर तो बरोबर होता. त्या दिवसापासून माझ्यासारख्यांच्या करातूनही, नावापुरता का होईना, त्या दवाखान्याला हातभार लागत आला. मैत्रिणीला मी हेच सांगते : तुझं बिल मी भरते, माझं तू भरतेस, आणि यालाच आपण एका देशात राहणं म्हणतो. ती हसते, पण पटलं असं अजून म्हणालेली नाही.

म्हणजे या दोन निकालांतून मिळून एक फूटपट्टी तयार होते. तुम्ही काय मानता ते सरकार बघणार नाही. तुम्ही काय करता ते बघेल. प्रचार करत असाल तर त्याचे नियम वेगळे. लोकांच्या उपयोगाचं काम करत असाल तर दर्जा मिळेल, मग शेजाऱ्याला ते आवडो न आवडो. (प्रचाराचे नियमही २०१८मध्ये सैल झाले. कॅनडा विदाउट पॉव्हर्टी या गरिबीविरोधी संस्थेनं खटला जिंकला आणि कायदा बदलला. आता धर्मादाय संस्था आपल्या हेतूला धरून धोरणांबद्दल हवं तेवढं बोलू शकतात, फक्त पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. तो बदल पुरोगामी संस्थांनी मागून घेतला होता, आणि सगळ्यांनाच मिळाला. हे असंच व्हायला हवं.)

शिफारस क्रमांक ४२९ ही फूटपट्टी मोडते. ती कृतीबद्दल चकार शब्द काढत नाही. "गर्भपातविरोधी संस्था" एवढंच. विरोध म्हणजे काय? मनातला? घटनापत्रकातला? प्रवेशद्वारावरच्या पाटीतला?

यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. २०२१च्या निवडणुकीत लिबरल पक्षाच्या जाहीरनाम्यातलं आश्वासन या शिफारशीपेक्षा बरंच अरुंद होतं. गर्भवती स्त्रियांना अप्रामाणिक सल्ला देणाऱ्या गर्भपातविरोधी संस्थांचा दर्जा काढू, असं ते होतं. तेव्हा मला त्यात फारसं वावगं वाटलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारनं एक मसुदाही आणला : अशा केंद्रांनी आपण गर्भपात किंवा गर्भनिरोधनाची सेवा देत नाही, तिकडे पाठवतही नाही, हे उघड सांगावं, नाहीतर दर्जा जाईल. पुढे जानेवारीत संसदेचं अधिवेशनच संपवलं गेलं आणि तो मसुदा मागे पडला. त्यावरही वाद घालता येईल, पण निदान तो एका कृतीबद्दल होता. तुमच्या ओळीत अप्रामाणिकपणाची अटच उरलेली नाही. आता खोटं बोलणाऱ्याला आणि खरं बोलणाऱ्याला एकच शिक्षा. ही अट टाइप करताना गळली की मुद्दाम गाळली, एवढं तरी आम्हाला कळायला हवं.

कारण खोटं बोलणारी केंद्रं आहेत. गर्भपात केला की स्तनाचा कर्करोग होतो, पुन्हा कधी मूलच होत नाही, असं घाबरलेल्या मुलीला सांगायचं. तपासणीच्या नावाखाली आठवडे वाया घालवायचे. बाहेरून दवाखान्यासारखा दिसणारा फलक लावायचा. हे पाप आहे, आणि ते देवाच्या नावानं केलं तर दुप्पट पाप. अशा केंद्राचा दर्जा खुशाल काढा, मी एका शब्दानं अडवणार नाही. पण तो खोटं बोलल्याबद्दल काढा.

मी ज्या केंद्राचे हिशेब बघते त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी मला वकीलपत्र दिलेलं नाही. एका छोट्या व्यापारी संकुलात, ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आत शिरलं की उजवीकडे भिंतभर मांडणी : डायपर मापाप्रमाणे लावलेले, पावडरचं दूध, तीन-चार ढकलगाड्या, बाळांचे हिवाळी कोट. गाडीत बाळाला बसवायच्या खुर्च्या मात्र दान म्हणून आल्या तरी सरसकट देता येत नाहीत. त्यांच्यावर मुदत छापलेली असते, आणि मुदत टळलेली खुर्ची देणं धोक्याचं. दर महिन्याला कुणीतरी टॉर्च घेऊन खुर्चीखालची ती बारीक अक्षरं वाचत बसतं. स्वागताच्या टेबलावर एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर पहिलीच ओळ : आम्ही गर्भपात करत नाही, त्यासाठी कुठे पाठवतही नाही. हा कागद सरकारच्या त्या मसुद्याच्या आधीपासून तिथे आहे.

त्यांच्या देणग्या कशा येतात ते सांगते, म्हणजे "पैसेवाल्या धार्मिक लॉबी"चं चित्र जरा खाली उतरेल. वर्षातून एकदा आसपासच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्या वाटतात. लोक घरी नेतात, सुटे पैसे टाकतात, महिन्याभरानं भरून आणतात. मग चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडून मोजणी. लूनी (एक डॉलरची नाणी) एकीकडे, टूनी (दोन डॉलरची) एकीकडे, क्वार्टर (पाव डॉलर) कागदी नळ्यांत भरायचे. कुठल्यातरी बाटलीत हमखास एका सेंटचे जुने पेनी निघतात, ते तर दुकानदारसुद्धा घेत नाहीत. एका बाटलीत एकदा दहा रुपयांचं नाणं निघालं. ते कुठल्या घरातून आलं असेल याचा अंदाज मला होता. या बाटल्यांतल्या पैशाला पावती मिळत नाही, कारण कुणी किती टाकले ते कुणालाच ठाऊक नसतं. पावत्या लागतात त्या वीस-पंचवीस नियमित देणगीदारांसाठी, आणि खोल्यांचं भाडं त्यांच्यावरच निघतं.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत टी-३०१० हा फॉर्म भरावा लागतो. त्यात चालू कार्यक्रमांचं वर्णन लिहायची जागा आहे. मी तिथे लिहिते : गर्भवती व नवमातांना वस्तुरूप मदत, समुपदेशन, पालकत्वाचे वर्ग, घर शोधायला साहाय्य. हा फॉर्म महसूल खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. तुम्हालाही. यातलं कोणतं काम उद्यापासून बेकायदा किंवा निरुपयोगी होणार आहे? एकही नाही. तेच डायपर, तेच वर्ग दुसऱ्या संस्थेनं दिले तर दर्जा राहील. या संस्थेनं दिले तर जाईल, कारण देणाऱ्यांच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आणि दर्जा जाणं म्हणजे नुसतं पावतीपुस्तक बंद होणं, असा एक गोड गैरसमज आहे. वर्तमानपत्रांत तसंच छापून येतं. आयकर कायद्याचा पाचवा भाग वाचा. नोंदणी रद्द झाली की संस्थेला एक वर्ष मिळतं. तेवढ्यात देणी भागवायची आणि उरलेली मालमत्ता दुसऱ्या पात्र धर्मादाय संस्थेला देऊन टाकायची. जे हातात राहील त्याच्या किमतीइतका, म्हणजे शंभर टक्के कर. भाड्याच्या दोन खोल्या असलेल्या केंद्राला फारसा फरक पडणार नाही, ढकलगाड्या जातील. पण ज्यांनी चाळीस वर्षांत पै पै जमवून एकट्या आयांसाठी एखादं घर उभं केलं असेल, त्यांचं ते घर हातातून जाईल. आणि त्यातल्या बायका कुठे जातील, हे तुमच्या ओळीत लिहिलेलं नाही.

आता माझ्या मराठी माणसांकडे वळते, म्हणजे समितीलाही कळेल की "गर्भपातविरोधी" ही चौकट आमच्या अंगाला कशी बसत नाही.

मुलगी नको म्हणून पाडलेले गर्भ हे महाराष्ट्राचं जुनं दुखणं आहे. गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्रानं केला. केंद्राचा कायदा १९९४चा. त्या लढ्यात मुंबईतल्या स्त्रीवादी बायका आणि डॉक्टर पुढे होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना गर्भपाताचा हक्क मान्यच होता. १९७१चा गर्भपाताचा कायदा त्यांना हवा होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलगी आहे म्हणून नको. तरीही २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३वरून ८९४वर घसरली.

हे दुखणं विमानात बसून इथेही आलं. २०१६मध्ये कॅनडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ऑंटारियोतल्या जन्मांचा अभ्यास आला. भारतात जन्मलेल्या ज्या आयांना आधीच्या दोन मुली होत्या, त्यांच्या तिसऱ्या बाळंतपणात शंभर मुलींमागे १९६ मुलगे. निसर्गात हे प्रमाण १०५च्या आसपास असतं. २०२१मध्ये लिंगनिवडीसाठीच्या गर्भपातावर बंदी घालणारं एक खासगी विधेयक तुमच्या सभागृहात मताला आलं आणि पडलं. ते पडलं ते योग्य की अयोग्य, तो वाद बाजूला ठेवू. माझा प्रश्न साधा आहे. उद्या आमच्या शेजारच्या ब्रॅम्प्टनमधल्या चार बायका एकत्र आल्या, सासूच्या धाकानं दवाखान्याची पायरी चढणाऱ्या सुनेला "थांब, मुलगी असली म्हणून काय झालं" असं सांगणारी, गरज पडली तर तिला घराबाहेर आसरा देणारी संस्था त्यांनी काढली, तर ती तुमच्या लेखी गर्भपातविरोधी की स्त्रियांच्या हक्कांची? देवळातल्या फलकावर "भ्रूणहत्या हे महापाप" असं लिहिलं असेल, आणि तसं आपल्या धर्मशास्त्रांत लिहिलेलं आहेच, तर ते देऊळ कोणत्या रकान्यात? क्रमांक ४२९ला उत्तर देता येत नाही, कारण तिनं व्याख्या केलेली नाही. व्याख्या नसली की ती फाइलवर बसलेला माणूस करतो, आणि त्या माणसाला सासू-सुनेची भाषा येत असेलच असं नाही.

क्रमांक ४३०बद्दल थोडक्यात, कारण ते स्वतंत्र पत्राचं प्रकरण आहे. 'धर्माचा प्रसार' हा हेतू १८९१च्या पेम्सेल या ब्रिटिश खटल्यापासून चालत आलेल्या चार हेतूंपैकी एक. गरिबांना मदत, शिक्षण, धर्म, आणि समाजाच्या उपयोगाची इतर कामं, असे ते चार. कॅनडाची देवळं, गुरुद्वारे, मशिदी, चर्च यांची नोंदणी मुख्यतः या हेतूखालीच आहे. एक कबुली देते : धर्माला या यादीतून वगळणं ही काही अघोरी कल्पना नव्हे. खुद्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या १९५०च्या कायद्यात, ज्याच्यावर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय चालतं, धर्मादाय हेतूच्या व्याख्येतून निव्वळ धर्मशिक्षण आणि पूजाअर्चा बाहेर ठेवलेल्या आहेत. पण तिथे त्याच कायद्यात धार्मिक संस्थांच्या नोंदणीची वेगळी सोय आहे, आणि उत्पन्नावरची आयकराची सूट धार्मिक न्यासांनाही मिळते. तुम्ही दार बंद करताय, पण दुसरं दार कुठे आहे ते सांगत नाही. मी ज्या देवळांचे हिशेब बघते त्यांच्या विश्वस्तांना मी ही ओळ वाचून दाखवली. एक काका म्हणाले, "अहो, पण ते ख्रिश्चनांसाठी असेल ना?" नाही काका. सगळ्यांसाठी आहे.

२०१८ची आठवण द्यायला हवी. विद्यार्थ्यांच्या उन्हाळी नोकऱ्यांच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं एका चौकटीत खूण करायची होती, की आमचं मूळ कार्य प्रजननविषयक हक्कांसह अमुक अमुक हक्कांचा आदर करतं. विद्यार्थी गवत कापणार होते, लहान मुलांना पोहायला शिकवणार होते. त्याचा गर्भपाताशी काडीचा संबंध नव्हता. पण चौकट भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. दीड हजाराहून जास्त अर्ज बाद झाले. उपासनास्थळं, सुट्टीतली मुलांची शिबिरं, अशी कितीतरी कामं अडली. पुढच्याच वर्षासाठी सरकारनं शब्दरचना बदलली आणि लक्ष कामाकडे वळवलं : पैसा कशासाठी वापरणार ते सांगा, दुसऱ्यांचे हक्क मोडणाऱ्या कामासाठी वापरू नका. म्हणजे धडा एकदा शिकून झाला आहे. ज्या सरकारनं तो शिकला त्याच पक्षाचे लोक तेव्हाच्या समितीत होते.

शिवाय भारतातून आलेल्या आमच्यासारख्यांना कागदी अधिकाराची ताकद पुस्तकातून शिकावी लागत नाही. २०२१च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या परदेशी देणग्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण नाकारलं गेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते परत मिळालं, पण मधल्या दिवसांत जगभर बोंब झाली. तेव्हा इथल्या उदारमतवादी मंडळींनीही हळहळ व्यक्त केली होती. नोंदणी हे सरकारच्या हातातलं हत्यार आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. ते ओटावाच्या हातात आलं की बोथट होतं, असं मानायला मला कारण दिसत नाही.

२०१५मध्ये सागेने शहराच्या खटल्यात तुमच्याच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारनं एखाद्या धर्माला झुकतं माप देऊ नये आणि एखाद्याला अडवूही नये. त्या खटल्यात कॅथलिक प्रार्थना हरली होती. नगरपालिकेच्या सभेआधी प्रार्थना म्हणायला मनाई झाली, आणि मला ती मनाई मान्य आहे. नगरपालिका माझ्या देवाची नव्हे, सगळ्यांची. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भागही निकालातच आहे.

मराठी वाचकांना एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही, म्हणून मीच घेते. १८६३मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं. मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांच्या खुशीवर. तशा जाहिराती त्यांनी लावल्या होत्या. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. आजच्या केंद्रांना फुल्यांच्या पंगतीला बसवायचा माझा इरादा नाही. फुले देवाधर्माच्या ठेकेदारांवर काय बोलले असते ते आम्हा चर्चवाल्यांनाही झेपलं नसतं. मला त्यातला "खुशीवर" हा भाग हवा आहे. केंद्राची परीक्षा घ्यायची असेल तर ती तिथे घ्या. आलेल्या बाईला खरं सांगितलं का? तिची खुशी राखली का? ती दार उघडून निघून गेली तर पुन्हा आल्यावर तिला डायपर मिळाले का? मी बघते त्या केंद्रात गर्भपात करून आलेल्या एका मुलीला हिवाळी कोट दिल्याची नोंद वस्तूंच्या वहीत आहे. कारणाच्या रकान्यात फक्त "थंडी" असं लिहिलंय.

तेव्हा माझी मागणी अशी. पुढच्या अर्थसंकल्पाच्या सल्लामसलतीत तुमची समिती जो अहवाल करेल त्यात क्रमांक ४२९ मागे घेतल्याचं स्पष्ट लिहा. खोट्या वैद्यकीय माहितीचा बंदोबस्त करायचाच असेल, आणि करायला हवाच, तर गर्भवतींशी बोलणाऱ्या सगळ्या धर्मादाय संस्थांना एकच नियम लावा, त्या गर्भपात करणाऱ्या असोत वा न करणाऱ्या : कोणती सेवा देतो आणि कोणती देत नाही ते दारातच सांगायचं, आणि वैद्यकीय दावा करायचा तर तो पुराव्याचा. नियम मोडला की आधी तपासणी, मग नोटीस, आणि संस्थेला बाजू मांडायची संधी. क्रमांक ४३० ठेवायचीच असेल तर कॅनडातल्या देवळा-गुरुद्वाऱ्यांच्या लोकांना ओटावात बोलावून आधी विचारा; साक्षीसाठी आमच्यातले दोघे-तिघे यायला तयार आहेत, पार्किंगचे पैसे स्वतःच भरतील.

इंग्रजी प्रत समितीच्या लिपिकांकडे ई-मेलनं पाठवते आहे.

आपली,
लहान संस्थांच्या वह्या लिहिणारी एक हिशेबनीस,
मिसिसागा, ऑंटारियो